पक्षाघातानंतर मेंदूचे रक्षण : एका जुन्या प्रतिजैविकाची परीक्षा

(नागझिरा अभयारण्यालगतच्या गावांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



नागझिऱ्यात येऊन वाघ, रानगवा आणि मोहाची झाडे सोडून मेंदूच्या एका विकाराविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु आपण ज्या गावांतून आला आहात, त्या गावांत वन्य पशूंनी घेतलेल्या बळींपेक्षा लकव्याने घेतलेले बळी कितीतरी अधिक आहेत. वाघाने माणूस मारला तर पंचनामा होतो, नुकसानभरपाईचे प्रकरण तयार होते, वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत बातमी येते. लकव्याने गेलेल्या माणसाविषयी मात्र ‘अंगावरून वारे गेले, मग काही उठलाच नाही’ एवढे बोलून मंडळी आपापल्या कामाला लागतात.

हे मी अंदाजाने सांगत नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली ‘सर्च’ ही संस्था आहे. तेथील डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, म्हणजे सातांतील एक. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे गेली नव्हती. आणि पक्षाघाताने गेलेल्या दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ जणांचा शेवट घरीच झाला होता. तेच जंगल, तीच भातशेती, तोच मोह आणि तेंदू. आपल्या गावांचे चित्र त्याहून फार निराळे असेल, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

आज मला बोलायचे आहे ते या विकारावरील एका औषधाविषयी; अधिक अचूक सांगायचे तर, त्या औषधाच्या परीक्षेविषयी. औषध नवे नाही. स्वस्त आहे, तोंडाने घेता येते आणि डॉक्टर ते अनेक दशके वापरीत आले आहेत. प्रश्न एवढाच आहे की, जे कामच त्याचे नव्हते, ते काम ते करू शकते काय?

मेंदूतील वणवा

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात ही एकाच आजाराची नावे. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून रुग्णाकडे पाहून हे दोन प्रकार खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यासाठी सी. टी. स्कॅन करावाच लागतो. आपल्या आजच्या विषयाचा संबंध प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी आहे.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली की, रक्त न मिळालेल्या भागात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. परंतु सगळा भाग एकदम मरत नाही, आणि या विषयाचे मर्म येथेच आहे. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी कोणीतरी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतो आणि वणवा लागतो. ज्या जागी आग लागली तो पट्टा राख होतो. त्याच्या भोवती होरपळलेले, पाने गळलेले, पण मुळे जिवंत असलेले रान उभे असते. वनखात्याच्या माणसांचा सारा जीव त्या दुसऱ्या पट्ट्यासाठी तळमळत असतो, कारण राख झालेले तर गेलेच. मेंदूतही असाच एक पट्टा असतो. त्यातील पेशी मुक्या झालेल्या असतात, काम करीत नाहीत. पण मेलेल्या नसतात. पुढील काही तासांत त्या जगतात की मरतात, यावर हा माणूस स्वतःच्या हाताने जेवेल की आयुष्यभर खाटेवर राहील, हे ठरते.

आता एक विलक्षण गोष्ट. मेंदूत काही रखवालदार पेशी असतात. एरवी त्या जंतू व मेलेल्या पेशी यांची साफसफाई करतात. आघात झाला की त्या खवळतात आणि दाहक द्रव्ये सोडू लागतात. त्याच सुमारास रक्तवाहिन्यांच्या भिंती ढिल्या करणारे एक विकर वाढते. आग विझवण्यासाठी धावलेल्या लोकांनी घाईघाईने समोरून उलटी आग लावावी आणि वारा फिरल्याने तीच रानात पसरावी, तसा हा प्रकार होतो. वाचू शकले असते ते रानही त्यात जाते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आज उपलब्ध आहे. ते लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच देता येते. मोठ्या रुग्णालयांत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचीही सोय असते. दोन्ही उपचार गुणकारी आहेत. पण पिटेझरीचा किंवा चोरखमाऱ्याचा माणूस डोळ्यांसमोर आणा. सकाळी हात लुळा पडला. घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग कोणीतरी कबुतराच्या रक्ताची मालीश सुचवली. साकोलीला पोचता पोचता संध्याकाळ झाली, आणि साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. साडेचार तास केव्हाच उलटून गेलेले असतात.

म्हणूनच उशिरा पोचलेल्या रुग्णालाही देता येईल, होरपळलेल्या पट्ट्याला आधार देईल, असे एखादे औषध असावे, अशी जगभरच्या वैद्यांची जुनी इच्छा आहे. ती किती जुनी आणि किती वेळा भंगलेली आहे, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये मोजदाद केली, तेव्हा पक्षाघातात मेंदू वाचवण्यासाठी प्रयोगशाळांत व रुग्णांवर मिळून १,०२६ उपचार तपासले गेल्याचे आढळले. प्राण्यांवर यशस्वी ठरलेले पुष्कळ होते. माणसाच्या बाबतीत त्यांतील जवळजवळ सारेच निष्फळ ठरले.

ओळखीचे औषध, अनोळखी गुण

आपल्या औषधाचे नाव मिनोसायक्लिन. हे टेट्रासायक्लिन कुळातील. या कुळातील पहिले औषध ऑरिओमायसिन १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ले या कंपनीच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्याकडील किती शाळांत त्यांचे नाव सांगितले जाते, कोण जाणे! शिक्षकमित्रांनी ते सांगावे, अशी माझी विनंती आहे.

या कुळाची आपल्या भागाला ओळख आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातील सूक्ष्म कीटकांच्या दंशाने होणारा हा ताप. त्यावर दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल ही मिनोसायक्लिनची सख्खी बहीण. आणि खुद्द मिनोसायक्लिन? कुष्ठरोगाच्या कामात ज्यांनी वर्षे घालवली, त्यांना आठवत असेल. अंगावर एकच चट्टा असलेल्या रुग्णाला गेल्या शतकाच्या अखेरीस तीन औषधांची मिळून एकच मात्रा देण्याची पद्धत काही वर्षे होती. त्या तिघांतील एक मिनोसायक्लिन होते. ज्या विदर्भात वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले, तेथे हे औषध परके म्हणता येणार नाही.

मग जंतू मारणारे औषध लकव्यावर कसे? लकवा तर जंतूंनी होत नाही. याचे उत्तर असे की, एखाद्या औषधाच्या अंगी एकापेक्षा अधिक गुण असू शकतात. मिनोसायक्लिन चरबीत सहज विरघळते, त्यामुळे ते रक्तातून मेंदूत इतर अनेक प्रतिजैविकांपेक्षा चांगले शिरते. तेथे ते मघाच्या खवळलेल्या रखवालदार पेशींना शांत करते, भिंती ढिल्या करणाऱ्या विकराला आवर घालते आणि पेशींचा आत्मनाश काही अंशी थांबवते. फिनलंडमधील कुओपिओ येथे यारी कोइस्तिनाहो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ व १९९९ मध्ये जर्बिल आणि उंदीर या प्राण्यांवर हे दाखवून दिले. रक्तवाहिनी बंद केल्यानंतर चार तासांनी औषध सुरू केले तरी उंदरांच्या मेंदूचा मृत भाग निम्म्याहून कमी राहिला. उंदरांवरील यश माणसांत टिकत नाही, हे मघाशी सांगितलेच आहे. तरीही औषध जुने, त्याचे दोष ठाऊक असलेले आणि स्वस्त, म्हणून माणसांवर तपासून पाहण्याचा मोह पडणे स्वाभाविक होते.

इस्रायलमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये पहिला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे दीडशे रुग्ण घेतले. निम्म्यांना लक्षणे दिसल्यापासून ६ ते २४ तासांच्या दरम्यान मिनोसायक्लिन सुरू करून रोज २०० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवस दिले. उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निरौषध गोळी दिली. पक्षाघाताची तीव्रता मोजण्याची एक सर्वमान्य मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे दोष नाही, आकडा चढेल तसा दोष मोठा. तीन महिन्यांनी औषध घेतलेल्यांची सरासरी १.६ आणि न घेतलेल्यांची ६.५ आली. फरक इतका मोठा की विश्वास बसू नये. आणि तो सहजासहजी बसूही नये, कारण कोणाला औषध व कोणाला निरौषध गोळी मिळते, हे उपचार करणाऱ्यांपासून लपवलेले नव्हते.

आपल्या देशातही हा प्रयत्न झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पद्मा श्रीवास्तव व सहकाऱ्यांनी ५० रुग्णांवर चाचणी घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतही औषध घेतलेल्यांची प्रकृती तीन महिन्यांनी अधिक सुधारलेली दिसली. पण २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ९५ रुग्णांच्या चाचणीत, शिरेतून औषध देऊनही, दोन्ही गटांत फरक दिसला नाही. कोणाचे खरे मानायचे?

चिठ्ठी कशासाठी टाकायची

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला शेतीच्या भाषेत चांगले समजेल. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात धानाचे नवे वाण तपासतात, तेव्हा ते एकाच बांधीत पेरून ‘पीक चांगले आले’ असे जाहीर करीत नाहीत. त्या बांधीची माती चांगली असेल, पाणी वेळेवर मिळाले असेल. म्हणून नवे व जुने वाण अनेक बांध्यांत, कोणते कोठे लावायचे हे चिठ्ठीने ठरवून लावतात, आणि एकाच नव्हे तर अनेक हंगामांत पाहतात. रुग्णांचेही तसेच आहे. लकव्याचे काही रुग्ण औषधाविनाही सुधारतात. डॉक्टरने नकळत बऱ्या दिसणाऱ्यांना औषध दिले आणि बिकट असलेल्यांना दिले नाही, तर औषधाला फुकटचे श्रेय मिळेल.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समान मते पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत काढताना लहान मुलाच्या हातून चिठ्ठी उचलवतात. का? कारण त्या मुलाला कोणाचाच पक्ष नसतो. वैद्यकीय चाचणीत चिठ्ठी टाकतात ती याच कारणाने. शिवाय चांगल्या चाचणीत कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. ‘निम्म्या रुग्णांना खोटी गोळी देता, हा अन्याय नव्हे काय?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, रक्तदाब, श्वास, गिळणे, रक्त पातळ करणारे औषध, जेथे योग्य तेथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, हे सारे दोन्ही गटांना सारखेच मिळते. चिठ्ठी फक्त त्या एका कॅप्सूलपुरती असते, जिचा उपयोग होतो की अपाय, हे कोणालाच ठाऊक नसते.

अपाय म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतके जुने औषध, अपाय कसला? तर ऐका. स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतापेशींचा एक असाध्य रोग आहे. त्यातही मिनोसायक्लिन प्राण्यांवर गुणकारी ठरले होते. अमेरिकेत ४१२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २००७ मध्ये निष्कर्ष आला, तो असा : औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने, सुमारे एकचतुर्थांश अधिक वेगाने, ढासळली. चाचणी न घेता केवळ आशेवर ते औषध सरसकट दिले असते, तर किती रुग्णांचे आयुष्य आपण कमी केले असते, याचा हिशेबही कधी लागला नसता.

मला स्वतःचीही एक चूक कबूल केली पाहिजे. लकव्याच्या रुग्णाला फुफ्फुसाचा दाह होऊ नये म्हणून मी कित्येक वर्षे आधीच प्रतिजैविक सुरू करीत असे. ‘दिलेले बरे’, एवढाच त्यामागचा विचार. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील अडीच हजारांहून अधिक आणि ब्रिटनमधील बाराशेहून अधिक रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा सरसकट प्रतिबंधक प्रतिजैविकाने रुग्णांची अंतिम स्थिती सुधारत नाही, असे त्यांतून दिसले. त्या साऱ्या वर्षांत मी देत होतो ते औषध नव्हते, माझ्या मनाची समजूत होती. उलट, अशा वापराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात, ते वेगळेच.

आता ताजी वार्ता. चीनमधील अनेक रुग्णालयांनी मिळून सतराशेहून अधिक रुग्णांवर मिनोसायक्लिनची मोठी चाचणी घेतली. लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केले. चिठ्ठीचा निकाल रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवलेला होता. तीन महिन्यांनी पूर्वीसारखे किंवा जवळजवळ पूर्वीसारखे जीवन जगू लागलेले रुग्ण औषधाच्या गटात शंभरात सुमारे ५३ आणि निरौषध गटात सुमारे ४७ होते. इस्रायलच्या आकड्यांपुढे हा फरक लहान वाटेल. मला तो अधिक खरा वाटतो. शंभरात पाच-सहा माणसे स्वतःच्या पायांवर चालत शेतावर जाणे, ही लहान गोष्ट नव्हे. आणि ७२ तास म्हणजे तीन दिवस! आपल्या गावचा उशिरा निघालेला माणूसही त्या मुदतीत रुग्णालयात पोचू शकतो.

मग उद्यापासून द्यायचे काय? नाही. २००६ मध्ये दुसऱ्या एका औषधाबाबत असेच घडले होते. सुमारे सतराशे रुग्णांच्या चाचणीत ते उपयुक्त दिसले, सर्वत्र आनंद झाला. पुढच्याच वर्षी तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि तो सारा लाभ नाहीसा झाला. आकडा तोच, सतराशे. म्हणून एका देशातील एका चाचणीवर उपचाराची रीत बदलू नये, असे मी म्हणतो. आणखी एक अडचण आहे, ती मी स्पष्ट बोलतो. मिनोसायक्लिनच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. ते कोणीही बनवू शकते. त्यामुळे हजारो रुग्णांच्या चाचणीवर पैसा खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला फारसा लाभ नाही. जे औषध गरिबाला परवडेल, त्याचीच परीक्षा घेण्यास पैसा पुढे येत नाही. हा खर्च सार्वजनिक निधीतूनच व्हावा लागेल. आपल्याकडे मोठ्या चाचण्या घेण्याची क्षमता नाही, असे मात्र कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने पक्षाघातावर काम करणाऱ्या देशभरच्या रुग्णालयांचे जाळे उभे राहिले आहे. त्यांची ३१ केंद्रांवरील, चार हजारांहून अधिक रुग्णांची एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती औषधाची नव्हती. दुसरा झटका टाळण्यासाठी रुग्णांना संदेश, चित्रफिती व पुस्तिका देण्याची होती. त्या साहित्याने झटके कमी झाले नाहीत, आणि तसे त्यांनी प्रांजळपणे लिहून टाकले. असा प्रांजळपणा मला यशाइतकाच मोलाचा वाटतो.

साक्षीदार म्हणून आपण

आता हे सारे मी डॉक्टरांच्या सभेत न सांगता आपणापुढे का सांगत आहे, ते सांगतो. गावात कोणाला लकवा झाला की, रुग्णासोबत गाडीत कोण बसते? मुलगा किंवा भाऊ, आणि बहुधा आपल्यापैकी कोणीतरी. गुरुजी, सरपंच, पोलीस पाटील. मोठ्या रुग्णालयात एखादी चाचणी चालू असेल, तर तेथील डॉक्टर कागद पुढे करतील. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीने, म्हणजे बहुधा जवळच्या नातलगाने, संमती द्यायची असते. रुग्णाला किंवा त्या प्रतिनिधीला वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला एक तटस्थ साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा व त्याने सही करावी, असा नियम आहे. तो साक्षीदार तुम्हीच होण्याचा संभव फार मोठा आहे.

त्या वेळी दोन टोकांच्या प्रतिक्रिया मी पाहिल्या आहेत. एक, ‘डॉक्टरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असे म्हणून न वाचता अंगठा द्यायचा. दुसरी, ‘आमच्या माणसावर प्रयोग करता?’ म्हणून गाडी परत फिरवायची. आणि प्रयोगाबरोबर उपचारही सोडायचा. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच.

‘नवी औषधे व चिकित्सा चाचण्या नियम, २०१९’ अन्वये चाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ही नोंद २००९ पासून बंधनकारक आहे. माहितीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, त्याची प्रत मिळाली पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नियमाप्रमाणे भरपाई आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. आपण साक्षीदार असाल, तर एवढे विचारा : आमच्या रुग्णाला नेहमीचे कोणते उपचार मिळणारच आहेत, आणि चिठ्ठीने ठरणारी गोष्ट कोणती? औषधाचे ठाऊक असलेले दोष काय? मिनोसायक्लिनने चक्कर येऊ शकते, मळमळ होऊ शकते. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ते देत नाहीत. घरची माणसे गोंडी बोलणारी असतील, तर मराठी पत्रक वाचून दाखवणे पुरेसे नाही. ते गोंडीतून समजावून सांगा आणि त्यांना काय समजले, ते त्यांच्याकडून वदवून घ्या. त्यानंतर होकार असो वा नकार, तो त्यांचा.

दुसरी गोष्ट वेळेची. मी भंडारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना तेंदूपत्त्याच्या फडीवरील एका मुनशीला बैलगाडीत घालून आणले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. ‘केव्हा झाले?’ विचारले. मुलगा म्हणाला, ‘काल.’ बायको म्हणाली, ‘परवा रात्री जेवताना हातातून घास पडत होता.’ शेजारी म्हणाला, ‘सकाळी चांगला बोलला की माझ्याशी!’ त्या काळी मजजवळ देण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे उत्तर काहीही असते तरी फरक पडला नसता. आज पडतो. साडेचार तास असोत की ७२, मोजणी त्या क्षणापासून होते, जेव्हा रुग्ण शेवटचा धडधाकट पाहिला गेला. झोपेतून उठताना लकवा दिसला, तर झोपायला गेला ती वेळ धरतात. तोंड वाकडे, हात उचलेना, बोलणे जड, यांतील एक जरी दिसले, तरी प्रथम १०८ ला दूरध्वनी करा आणि ती वेळ कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात घाला. तळहातावर शाईने लिहिली तरी चालेल. गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय पाणी, दूध, गोळी, काहीही तोंडात घालू नका.

औषधाच्या दुकानातून मिनोसायक्लिन आणून घरी देऊ नका, हे तर मला निक्षून सांगावयाचे आहे. मागे एक सुशिक्षित गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आले होते. वडिलांना सकाळी लकवा झाला होता, आणि कात्रणातील औषधाची चिठ्ठी त्यांना हवी होती. मी म्हटले, ‘स्कॅन?’ ते म्हणाले, ‘नंतर करू.’ चिठ्ठी दिली नाही, गाडी बोलवायला लावली. स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला. रक्तस्रावाच्या रुग्णाला मिनोसायक्लिनने काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही. पण कॅप्सूल दिली म्हणून सारे निश्चिंत होऊन घरी बसले असते, एवढे सांगू शकतो.

वेळ बरीच झाली आहे आणि उन्हे उतरण्यापूर्वी पुष्कळांना जंगलाच्या वाटेने परतायचे आहे. लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो दुखत नाही, खुपत नाही. बाहेर व्हरांड्यात आरोग्यसेविका ताई यंत्र घेऊन बसल्या आहेत. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने जाण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्यावा. आकडा चिठ्ठीवर लिहून मिळेल. १४० व ९० किंवा त्याहून अधिक असेल, त्यांनी पाच मिनिटे थांबावे. त्यांच्याशी मी स्वतंत्रपणे बोलणार आहे.